क्लेमेंटाईनच्या अर्जाचं शेपूट

"पीडीएफच आहे ती! डोळे फुटले का काय तुझे, कोरीन? हे बघ, हे! स्कोगस्टाड, टिंब, पीडीएफ! ढळढळीत लिहिलंय. कुणी लिहिलंय? मी लिहिलंय, या बोटानं! आणि तू तिकडं खुर्चीत बसून मला सांगतेस, ही पीडीएफ नाही म्हणून?"

कोरीन तिकडं म्हणजे अकरा मैलांवर होती, काउंटीच्या जत्रेच्या कचेरीत. तिला यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. व्हर्लिन स्कोगस्टाड आपल्या स्वयंपाकघरात एकटाच उभा होता आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बोट आपटत होता. दुपारी जेवताना बोटाला लागलेलं लोणी आता पडद्यावर बरोबर 'पीडीएफ'च्या खाली लागलं होतं. अधोरेखित केल्यासारखं.

"व्हर्लिन!" आतल्या खोलीतून बायकोचा, आर्डिसचा, आवाज आला. "कुणावर ओरडतोयस?"

"कुणावर नाही! रेडिओ लागलाय!"

"रेडिओ तुझ्या आवाजात बोलायला लागला काय?"

व्हर्लिननं लॅपटॉप जवळ ओढला. अडुसष्ट वर्षांचा गडी, आठवीतनं शाळा सोडली ती थेट गोठ्यात शिरला. विस्कॉन्सिनच्या थंडीत पहाटे चारला उठून साठ गायींचं दूध काढताना कधी घाबरला नाही. पिसाळलेल्या वळूपुढं उभा राहिलाय. पण आज त्याला घाबरवलं होतं एका मशिनीनं.

गोष्ट अशी. जूनमध्ये आर्डिस दूधघराच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आली, हातात वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आर्डिस म्हणाली, नाही चालत, दुखतंय. तोंड भिंतीकडं करून पडून राहायची. आठवडा असा गेला. मग एके दिवशी खिडकीतनं तिला क्लेमेंटाईन दिसली.

क्लेमेंटाईन ही आर्डिसची लाडकी जर्सी गाय. अकरा वर्षांची. ऑगस्टच्या जत्रेत म्हाताऱ्या गायींचा वेगळा गट असतो, त्यात यंदा तिचा शेवटचा फेरा, आणि रिंगणात दोरी धरून तिला फिरवायची ती आर्डिसनंच. आर्डिस म्हणाली, "रिंगण किती पावलांचं आहे?" व्हर्लिन म्हणाला, "चव्वेचाळीस." (त्यानं खरंच जाऊन मोजलं होतं.) त्या दिवसापासून बाई उठली. रोज व्हरांड्यात वॉकर टकटक, टकटक. पहिल्या दिवशी सहा पावलं. आज सकाळी एकतीस.

आणि व्हर्लिनकडं एकच काम होतं. अर्ज पाठवायचा. आजवर ही मशिनीची कामं आर्डिसच बघायची. आज अर्जाचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी दहाच्या कॉफीला तिनं विचारलं, "पाठवलास?" आणि व्हर्लिन मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "केव्हाच!"

पाठवला होता की. खोटं नव्हतं बोलला. फक्त तिकडं पोचत नव्हता.

जत्रेच्या लोकांनी यंदा नवीनच टूम काढली होती. कोरा अर्ज ईमेलनं आला, तो मशिनीवरच भरायचा. भरून झाला की पीडीएफ करून परत पाठवायचा. सूचनेत लिहिलं होतं: 'फाईलच्या नावात आडनाव, शेवटी टिंब पीडीएफ असावे. दुसऱ्या कुठल्याही प्रकारची फाईल आपोआप नाकारली जाईल.' व्हर्लिननं दोन दिवस एका बोटानं अर्ज भरला. चष्मा ट्रॅक्टरवर राहिलाय, असं त्याला वाटत होतं. पण आपल्याच गायीचं आणि आपल्याच बायकोचं नाव लिहायला चष्मा कशाला? मग फाईलच्या नावावर टिचकी मारली आणि लिहिलं, 'स्कोगस्टाड.पीडीएफ'. झालं! हात झटकले. लोक उगाच मशिनीचा बाऊ करतात.

नऊ वाजता पाठवला. नऊ वाजून एका मिनिटाला परत. 'ही फाईल पीडीएफ नाही.'

त्याला वाटलं, मोठ्या अक्षरात पाहिजे असेल. फाईलची प्रत काढून मोठ्या अक्षरात पाठवला. परत. मग वाटलं, मशिनीला एकदा सांगून कळत नसेल, तर 'स्कोगस्टाड.पीडीएफ.पीडीएफ'. परत. अकरा वाजता त्यानं चिडून नाव ठेवलं 'स्कोगस्टाड.पीडीएफ.पीडीएफ.खरंच.पीडीएफ'. तेही परत. (हे नाव आठवलं की अजून त्याचे कान लाल होतात. गावात कुणी ना कुणी आठवण करून देतंच.)

शेवटी एक वाजता त्यानं कचेरीत फोन लावला. आता फोन लावायला काय एवढा वेळ? वेळ लागायचं कारण होतं. कचेरीतली कोरीन प्रॉक्नाव ही ड्वेन प्रॉक्नावची बायको. आणि चार वर्षांपूर्वी जत्रेच्या फाटकावर गुरं तपासायला व्हर्लिन बसला होता, तेव्हा त्यानं ड्वेनची कालवड माघारी धाडली होती. भर जत्रेत, सगळ्यांच्या देखत. तेव्हापासून ड्वेन त्याच्याशी बोलत नाही आणि कोरीन चर्चमध्ये मान हलवते, तीही अर्धीच.

"कोरीन, अर्ज का परत येतोय?"

"पीडीएफ नाही म्हणून."

"पीडीएफ आहे! नाव वाच!"

"वाचते की. स्कोगस्टाड, टिंब, पीडीएफ..."

"मग!"

"...टिंब, डॉक्स."

"काय?"

"शेवटी डॉक्स लिहिलंय, व्हर्लिन. म्हणजे वर्डची फाईल. तू पाठवलेल्या प्रत्येकीला तेच शेपूट आहे."

"मी डॉक्स लिहिलं नाही! मला ते काय असतं तेसुद्धा माहीत नाही! माझ्या पडद्यावर पीडीएफवर संपतंय, पुढं कोरं आहे!"

"माझ्याकडं कोरं नाही."

"मग तूच चिकटवलंस!"



"काय म्हणालास?"

आता इथं शहाण्या माणसानं जीभ आवरली असती. व्हर्लिन म्हणाला, "ड्वेनच्या कालवडीचा राग क्लेमेंटाईनवर काढतेस होय? लाज वाटत नाही?"

"कचेरी पाचला बंद होते," कोरीन म्हणाली आणि फोन ठेवला.

व्हर्लिननं फोन आपटला.  व्हरांड्यातनं वॉकरचा आवाज येत होता. टक... टक... "बत्तीस!" आर्डिस ओरडली. "व्हर्लिन, बत्तीस झाली!" आणि मग दम लागलेल्या आवाजात, "अर्ज मिळाल्याचं उत्तर आलं का रे त्यांचं?"

"येईल, येईल!"

"माझ्या फोनवरपण यायला पाहिजे. तसं लिहिलं होतं सूचनेत."

 ही बाई बत्तिसाव्या पावलावर आहे. अर्ज गेला नाही असं कळलं की परत भिंतीकडं तोंड करील. परत उठणार नाही. गाय काय, पुढल्या वर्षीही दुसरी निघेल. आर्डिस कुठून आणायची?

चार वाजेपर्यंत त्यानं अजून पाच वेळा फाईल पाठवली, दर वेळी नवीन प्रत, नवीन नाव. मग लॅपटॉप तसाच उघडा काखेत मारला.

"कुठं निघालास?"

"गुरांचं मीठ संपलंय!"

"परवाच चार पोती आणलीस ना?"

"गायींनी खाल्लं!"

पिकअप धुरळा उडवत निघाली. लॅपटॉप शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. वाटेत बरोबर पुढं गवताच्या पेंढ्यांची गाडी, ताशी दहा मैल. व्हर्लिननं हॉर्न वाजवला. पुढच्यानं हात हलवला, दोस्तीत. व्हर्लिन जे काही बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

चार चाळीसला तो कचेरीत शिरला. काउंटरशी तिघं शेतकरी उभे होते, एक बाई चीजकर्ड्सच्या, म्हणजे ताज्या चीजच्या गोळ्यांच्या, पिशवीत हात घालून उभी होती. व्हर्लिननं सगळ्यांना बाजूला सारून लॅपटॉप धाडकन काउंटरवर ठेवला.

"वाच!"

कोरीननं चष्मा खाली ओढला. "स्कोगस्टाड, टिंब, पीडीएफ."

"ऐकलंत?" व्हर्लिन सगळ्यांकडं वळला. "सगळ्यांनी ऐकलंत ना? तिच्या तोंडानं बोलली ती! शेपूट आहे कुठं? दिसतंय कुणाला? मी अडाणी असेन, आंधळा नाही!"

चीजकर्ड्सवाली बाई म्हणाली, "मला तरी नाही दिसत." व्हर्लिनला वाटलं, जिंकलो.

कोरीननं शांतपणे विचारलं, "आमची कालवड का परत पाठवली होतीस रे?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"सांग की."

"बिल्ला आणि गोंदण जुळत नव्हतं. बाहेर कानाला लटकवलेल्या बिल्ल्यावर एक नंबर, कानाच्या आत गोंदलेला दुसराच."

"ड्वेन काय म्हणाला होता?"

"म्हणाला, बिल्ला तर बरोबर आहे, वाच की."

"आणि तू काय म्हणालास?"

 चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्याला चांगलं आठवत होतं. तो ते वाक्य गावभर सांगत हिंडला होता.

"म्हणालो," त्याचा आवाज एकदम खाली आला, "बिल्ला काय कुणीही लटकवील. कान उलटा करून बघ, आत असेल तीच खरी गाय."

"हं," कोरीन म्हणाली. "आता तुझ्या मशिनीचा कान उलटा करते."

तिनं वरच्या कोपऱ्यात कुठंतरी टिचकी मारली, मग अजून एक. आणि व्हर्लिनच्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्या एकूणएक फाईलला शेपूट फुटलं. एका खाली एक, नऊच्या नऊ. स्कोगस्टाड.पीडीएफ.डॉक्स. स्कोगस्टाड.पीडीएफ.पीडीएफ.डॉक्स. आणि त्यांच्या खाली स्कोगस्टाड.पीडीएफ.पीडीएफ.खरंच.पीडीएफ.डॉक्स.

"ही मशीन शेवटचं शेपूट लपवून ठेवते," कोरीन म्हणाली. "नुसतं नाव बदललं की तू वर नवा बिल्ला लावतोस. आत जी आहे ती तीच राहते."

"पण लपवायचं कशाला?" व्हर्लिन कळवळून म्हणाला. "कुठल्या गाढवानं ठरवलं हे?"

"ते मला माहीत नाही. पण 'खरंच' तू लिहिलंस ना?"

तिघे शेतकरी काउंटरला धरून हसले. चीजकर्ड्सवाल्या बाईला ठसका लागला. व्हर्लिनला वाटलं, गवताच्या त्या गाडीखाली गेलो असतो तर बरं.

"कोरीन," तो म्हणाला. टोपी काढून हातात घेतली. "फोनवर बोललो ते चुकलं माझं. पण ती बत्तीस पावलं चाललीय. तिला सांगू नकोस अर्ज अडला होता. कर काहीतरी."

कोरीननं त्याच्याकडं बघितलं. मग फाईल उघडली, कुठंतरी टिचकी मारली, 'दुसऱ्या प्रकारात जतन करा', यादीतनं पीडीएफ निवडलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढा वेळ अर्ज पडद्यावर उघडा होता. कोरीनची नजर त्यावरून फिरली, थांबली, परत वर गेली.

"व्हर्लिन, पाठवण्याआधी आत काय लिहिलंय ते एकदा वाचायचं का?"

"दोन दिवस खपलोय त्याच्यावर! एक अक्षर हलवायचं नाही!"

"नक्की?"

"आता शेपूट बरोबर आहे ना? मग दाब!"

"तू म्हणशील तसं," कोरीन म्हणाली आणि दाबलं. चार बावन्न. मशिनीनं या वेळी फाईल परत केली नाही. 'अर्ज स्वीकारला.' व्हर्लिनला त्या टोपलीएवढ्या अक्षरांचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, लोणी होतं.

येताना तो शिट्टी वाजवत आला. घराच्या वळणावर गाडी आली तर आर्डिस बाहेर पायरीखाली अंगणात उभी. एका हातात फोन. चेहरा वळवासारखा.

"मीठ कुठाय?" तिनं विचारलं.

"संपलं होतं तिथं..."

"मला उत्तर आलंय जत्रेचं. वाचून दाखवू?" आणि ती वाचायला लागली. "'गट, म्हातारी गाय. घेऊन येणाऱ्याचं नाव, क्लेमेंटाईन, जर्सी. जनावराचं नाव, आर्डिस स्कोगस्टाड.'"

व्हर्लिनचा हात किल्लीवरच राहिला.

"'विशेष सूचना: जूनपासून मागची डावी बाजू लंगडते. जेवायच्या आधी चिडते. चालताना मागनं कुणी धक्का देऊ नये.'" आर्डिसनं दम घेतला. "'सदर जनावर नऊ ऑगस्टला सकाळी सात वाजता फाटकावर डॉक्टरांच्या तपासणीसाठी हजर करावे. उजव्या कानातलं गोंदण पाहिलं जाईल.'"

"अगं, ती सूचना मी तुझ्या काळजीनं... तुला खुर्ची लागली तर... चौकोन शेजारी शेजारी होते..."

"कोरीनचा फोन येऊन गेला. बोलता येत नव्हतं तिला, इतकी हसत होती. सगळं सांगितलं. शेपूट, कान, खरंच, सगळं. ड्वेनपण शेजारी होता. चार वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं म्हणे त्यानं. अर्ज दुरुस्त करायला सहापर्यंत थांबतायत दोघं तुझ्यासाठी."

तेव्हा व्हर्लिनच्या ध्यानात आलं. आर्डिस अंगणात होती. आतल्या खोलीतनं स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातनं व्हरांडा, तीन पायऱ्या, अंगण.

"आर्डिस," तो हळूच म्हणाला, "तुझा वॉकर कुठाय?"

तिनं खाली बघितलं. मागं वळून घराकडं बघितलं. रागाच्या भरात विसरून आली होती.

"किती पावलं झाली गं?"

"ते मोजायची ही वेळ आहे?" ती कडाडली. तोल सावरायला तिनं पिकअपचं दार धरलं, हात आत घालून सीटखाली चाचपलं आणि गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरवरून आणून तिथंच टाकलेला त्याचा चष्मा बाहेर काढला.

"हा घाल. आणि गाडी वळव."