इंगवलेकाकांचे मराठी अकरा

इंगवलेकाकांनी मला नमस्कार करायच्या आधीच खिशातून एक कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. मासिकातून फाडलेलं पान होतं, वर प्लास्टिकचं लॅमिनेशन. "वाच," म्हणाले. माझ्या एका हातात कागदी प्लेट, दुसऱ्यात मोदक. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींनी शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवला होता. मी काही देवासाठी गेलो नव्हतो, आमच्या घरी तो विषयच नाही. मी गेलो होतो जेवायला. नागपूरहून शिकायला येऊन सहा आठवडे झाले होते आणि सहाही आठवडे मी पास्ता उकडून खात होतो.

पानावर स्पेनमधल्या एका फुटबॉल क्लबाची हकीकत होती. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोक राहतात. त्यांची भाषा वेगळी, बाणा वेगळा. त्यांचा हा क्लब टीममध्ये फक्त बास्क खेळाडू घेतो. बाकीचे क्लब जगभरातून खेळाडू विकत आणतात, आणि हे गडी घरच्या पोरांवर वर्षानुवर्षं वरच्या डिव्हिजनमध्ये टिकून आहेत. काकांना हे पान दातांच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये सापडलं. डॉक्टरनं आत बोलावलं तेव्हा पान आणि काका दोन्ही गायब होते. दाढ पुढे वर्षभर दुखत होती म्हणे.

"वाचलंस? नाव काय तुझं?"

"मेश्राम."

"गाव?"

"नागपूर."

मी मनातून तयार झालो. आडनाव झालं, गाव झालं, आता पुढचा प्रश्न कुठल्या वळणानं येतो हे मला शाळेपासून पाठ आहे. सातासमुद्रापार येताना लोक लोणच्याच्या बरणीबरोबर तो प्रश्नही सांभाळून आणतात. काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "डावा पाय चालतो का?"

बस्स, तेवढ्या एका प्रश्नावर मी टीममध्ये गेलो. डावा पाय चालत नव्हता. खरं सांगायचं तर उजवाही चालत नव्हता, हे पहिल्या मॅचमध्ये सगळ्या मिशिगननं पाहिलं.

काका मूळचे कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल म्हणजे पोरखेळ नाही. पेठापेठांतल्या तालमींच्या टीमा असतात, आणि मॅचच्या दिवशी सख्खे मेहुणेसुद्धा एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. इकडे काका एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेक डिझाइन करत. पण रविवारच्या लीगमध्ये त्यांनी जी टीम उतरवली होती तिला ब्रेक नव्हता, इंजिनही नव्हतं. तिला फक्त नियम होता: खेळाडू मराठी पाहिजे, आणि मैदानात मराठीतूनच बोलला पाहिजे. हा नियमही लॅमिनेट केलेला होता.

आमचा गोलकीपर कुलकर्णी, पुण्याचा, फिजिक्समध्ये पीएचडी करणारा. बॉल कुठून कुठे जाणार हे त्याला बरोब्बर कळायचं, पण गणित सुटेपर्यंत बॉल जाळीत असायचा. मुंबईचा सावंत पाच मिनिटं जोरात धावायचा आणि उरलेला वेळ कमरेवर हात ठेवून "यार, ऑफसाइड होता" म्हणायचा. काका लगेच बाहेरून ओरडायचे, "यार न्हाई, भावा म्हण!" पहिल्या मॅचमध्ये आम्ही अकरा गोल खाल्ले. मी मान खाली घालून बाहेर आलो, तर काकांची छाती फुगलेली.

"अकराच्या अकरा गोल मराठी माणसानं खाल्ले! बाहेरचा एक न्हाई! माणूस आपला पाहिजे रे, गोल काय, येतात आणि जातात."

येतात कुठले? जातच होते.

माझ्या लॅबमध्ये रिकार्दो नावाचा ब्राझीलचा मुलगा होता. मैदानासमोरच राहायचा. आम्ही वॉर्म-अपच्या नावाखाली धापा टाकत असताना तो कडेला एकटाच बॉल गुडघ्यावर, डोक्यावर, खांद्यावर नाचवत उभा. मी काकांना म्हटलं, याला घ्या. काका बराच वेळ त्याच्याकडे मिठाई बघावी तसे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगं सोनं आहे. पण त्याच्या आईला मराठी येतं का?" आता काय बोलणार, बाप्पा! त्याच रात्री रिकार्दोला घरी जेवायला बोलावून काकांनी स्वतःच्या हातचा तांबडा रस्सा पाजला. तो घामानं निथळला, तीन वाट्या प्यायला. टीममध्ये मात्र घेतला नाही तो नाहीच.

मला राग यायचा. 'आपला माणूस' हे शब्द मी पुष्कळ ऐकलेत, आणि बहुतेक वेळा दाराबाहेर उभं राहून ऐकलेत. एकदा त्यांच्या घरी जेवताना मी म्हणूनच टाकलं, "काका, तुमचा हा बास्कपणा म्हणजे आपल्याकडच्या जातपातीचाच भाऊ आहे."

काकांचा चेहरा पडला. "मेश्राम, मी तुला कधी...?"

"मला नाही. रिकार्दोला."

 माझ्या ताटात त्यांनी आणखी दोन फोडी मटण वाढलं. वाद हरले की ते वाढायला घेत.

आणि रिकार्दोचं सोडा, त्यांनी पोटच्या पोरीलाही घेतलं नव्हतं. रेवा एकोणीस वर्षांची, इथेच जन्मलेली, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी. शाळेत असताना सॉकर टीमची कॅप्टन होती. तिला बक्षीस मिळालेली ढाल घरात टीव्हीवर ठेवलेली होती, आणि शेजारी इंगवलेकाकूंचा हार घातलेला फोटो. काकू गेल्या त्याच वसंतात काकांनी टीम काढली. आमची लीग मुलामुलींची एकत्र होती, तेव्हा रेवानं साहजिकच विचारलं, "बाबा, कॅन आय प्ले?" काका म्हणाले, "मराठीत विचार." ती तशीच आपल्या खोलीत निघून गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. हे मला सावंतनं सांगितलं. काका सांगत ते एवढंच, "नियम म्हणजे नियम. पोरगी असली म्हणून काय झालं?"

मी यायच्या आदल्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जन्मभर ब्रेक बनवणाऱ्या माणसाला ब्रेक दाबता येईना. म्हणून रेवा त्यांना दर रविवारी मैदानावर आणून सोडायची आणि गाडीतच पुस्तक उघडून बसायची. बापलेकीत एवढंच बोलणं. काका मराठीत विचारायचे, ती "ओके" किंवा "फाइन" म्हणायची. ऑक्टोबरच्या गारठ्यातही गाडीची काच मात्र खाली असायची. मला वाटायचं, काय वेडी पोरगी आहे.

सीझनच्या शेवटच्या मॅचला आम्ही सहाजण आलो. कुणाची परीक्षा, कुणाचा थिसिस, दोघांना दर रविवारच्या पराभवाचा वीट. लीगचा नियम असा की सातपेक्षा कमी असले की मॅच बाद. आमच्या दोन बाद झाल्या होत्या, तिसरी झाली की टीम कायमची काढून टाकणार. रेफ्रीनं पाच मिनिटं दिली. काका स्वेटर काढायला लागले.

"काका, गुडघा!" मी त्यांचा हात धरला. "अहो, रिकार्दो समोर उभा आहे. कागदावर नाव लिहा, संपलं!"

काकांनी रिकार्दोकडे पाहिलं, मग आम्हा सहाजणांकडे.  "ही टीम गेली तर रविवारी मी कुठं जाऊ रे?" एवढंच म्हणाले, आणि लंगडत गाडीकडे निघाले.

मीही मागोमाग गेलो. मला वाटलं, आता पुन्हा 'मराठीत विचार' होणार आणि उरलंसुरलंही जाणार. काका गाडीच्या खिडकीशी वाकले. घरात चुकून इंग्रजी शब्द आला तर जीभ चावणाऱ्या काकांनी हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाले, "रेवा, प्लीज प्ले. आय ॲम आस्किंग. आय वॉज राँग."

रेवानं पुस्तक मिटलं.  खाली उतरली आणि डिकी उघडली. डिकीत तिचे बूट होते. ते दर रविवारी तिथेच असणार, आम्ही कधी पाहिले नव्हते.

पुढे जे झालं त्याला मी खेळ म्हणणार नाही. आम्ही सहाजण फक्त तिच्या वाटेतून बाजूला होत होतो. ती कुणाला विचारत नव्हती, सरळ हुकूम सोडत होती. "मेश्राम, मागं बघ की!" "सावंत, पळ रे भावा, झोपलास का?" अस्सल कोल्हापुरी! दोन सीझन काच खाली करून पोरीनं एकेक हाक ऐकून ठेवली होती.

काका कडेला कोल्हापूरचं सगळं मैदान घशात घेऊन ओरडत होते. "डावीकडं! डावीकडं घे! अगं, मार!" शेवटी रेवा बॉल पायाखाली धरून थांबली, कमरेवर हात ठेवला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, गप बसा की जरा! खेळू द्या!"

काका गप्प झाले. मी त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. ते मटकन गवतावरच बसले. पुढच्याच मिनिटाला रेवानं गोल मारला, आमच्या सीझनचा पहिला आणि शेवटचा. रिकार्दो कडेला नाचला, कुलकर्णी गोल सोडून धावत आला आणि तो परत पोचायच्या आत समोरच्यांनी खेळ सुरू करून रिकाम्या जाळीत एक घालून टाकला. आम्ही सहा-एक असे हरलो.

मॅच संपल्यावर मी काकांना उठवायला हात दिला. म्हटलं, "काका, गोल पाहिला ना?"

"न्हाई रे," ते म्हणाले. हात धरून तसेच बसून राहिले. डोळे भरलेले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"अगदी अस्संच म्हणायची हिची आई. तीन वर्षं झाली, मेश्राम. घरात मला गप बसा म्हणणारं कोणी न्हाई."