गवंड्याने बुजवलेला भोपळा

आपण गिलावा केलेल्या एकाही भिंतीला चाळीस वर्षांत तडा गेलेला नाही, असं गवंड्याचं म्हणणं होतं. हे तो कोणी न विचारताच सांगे, आणि ऐकणाऱ्याचा चहा गार झाल्याशिवाय थांबत नसे. त्यामुळे बायकोने आठ दिवसांसाठी आपला भोपळा त्याच्या हवाली केला, तेव्हा त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. तीन मजली भिंत उभी करणाऱ्याला एक भोपळा सांभाळता येऊ नये?

भोपळा मात्र साधा नव्हता. परसात, वाळूच्या गादीवर, जुन्या चादरीच्या सावलीत तो जेवून आडव्या झालेल्या जावयासारखा पसरला होता. बायको टेपने त्याच्या पोटाचा घेर मोजून वजनाचा अंदाज काढी. शेवटचा अंदाज दीडशे किलोंचा होता. बाजाराच्या मैदानात दर वर्षी मोठ्या भोपळ्यांची स्पर्धा होई, आणि सलग दोन वर्षं पोस्टातल्या बाई पहिल्या आल्या होत्या. दुसऱ्यांदा तर अवघ्या चार किलोंनी. तेव्हापासून बायकोने पत्रं लिहिणंच सोडलं होतं.

स्पर्धेला पंधरा दिवस उरले आणि लेकीचं बाळंतपण अलीकडे आलं. पिशवी भरता भरता बायकोने बजावलं, की रोज सकाळी दोन बादल्या पाणी, कमी नाही, जास्त नाही. चादर हलू द्यायची नाही.

"आणि चीर दिसली तर लगेच फोन करा. वरवरची असली तर कोरडी ठेवली की भरून येते. पोकळीपर्यंत गेली तर मात्र संपलं. काट्यावर चढूसुद्धा देत नाहीत."

"मी घरात असताना चीर?" गवंडी म्हणाला आणि हसला.

पहिले तीन दिवस तो पाणी घालायला विसरला. चौथ्या दिवशी आठवलं, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे राहिलेलं सगळं भरून काढलं: आठ बादल्या, एका दमात. तीन दिवस तहानलेल्या भोपळ्याने ते सगळं पोटात घेतलं. दुपारी परसातून फळी मोडल्यासारखा आवाज आला.

चीर वीतभर होती. गवंड्याने बायकोची विणकामाची सुई आत घातली. ती कुठेही न अडता मुठीपर्यंत गेली.

दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. गवंड्याला उलट हुरूप आला, कारण तडा हा त्याचा विषय. त्याने कडा खरवडल्या, पांढरं सिमेंट कालवलं, थापीने दाबून भरलं, वरून घोटलं. मग इतक्या वर्षांच्या सवयीने कामावर ओली पोती टाकली आणि दिवसातून चार वेळा पाणी मारलं. सिमेंट पाण्यानेच पक्कं होतं.

सिमेंट पक्कं झालं. भोपळा मात्र आणखी फुगला, सिमेंटची पट्टी दुधाच्या दातासारखी हलून खाली पडली, आणि वीतभराची चीर हातभर झाली.

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. नात झाली होती, तीन किलोंची, मायलेकी सुखरूप.

"आपला किती?" तिने विचारलं.

"वाढतोय," गवंडी म्हणाला. हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्याने आत तारेची जाळी बसवली. पाणी दुप्पट मारलं, कारण पहिलं काम पाणी कमी पडल्यामुळे सुटलं, असा त्याचा निष्कर्ष होता. सकाळी जाळीसकट सगळं वाळूत.

शेजारचा सुतार कुंपणावरून दोन दिवस बघत होता. लाकूड कसं पाणी पिऊन फुगतं हे त्याने आधी सविस्तर सांगितलं, मग म्हणाला, "अरे, तू पाजतोयस सिमेंटला, पितोय तो."

गवंड्याने सुताराचं ऐकण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. पाणी बंद झालं, घरातला पंखा परसात आला, आणि तिसरा भराव टिकला. मग त्याने रंगाच्या डब्या काढल्या. भोपळ्याचा केशरी, त्यातल्या फिकट रेघा, सालीवरचा खरखरीतपणा, सगळं सगळं जुळवलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, तर चीर कुठे होती हे त्यालाच सापडेना. इतकं सुरेख काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

बायको परत आली. टेप लावला, खूश झाली. रोज चादर बाजूला करून ती भोपळ्यावरून हात फिरवी आणि तिला काहीही कळत नसे. आधी गवंड्याला हायसं वाटलं. चार दिवसांनी ते सलू लागलं. एकदा तर तिने नेमकी त्याच जागी थाप मारली आणि म्हणाली, किती छान पोसलाय. वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते पाण्याबरोबर गिळलं.

स्पर्धेच्या दिवशी पोस्टातल्या बाईंचा भोपळा एकशे एकसष्ट किलो भरला. बायकोचा भरला एकशे अडुसष्ट. तिने पदर डोळ्यांना लावला. परीक्षक शेतकी शाळेतले निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून भोपळा चहूबाजूंनी तपासला आणि प्रमाणपत्रावर नाव लिहायला पेन उघडलं.

"साधा ओरखडा नाही," ते म्हणाले. "निसर्गासारखा कारागीर नाही बघा."

"निसर्ग?" गवंडी म्हणाला.

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली.

"निसर्गाचा काय संबंध? मास्तर, इथे हात लावा. सापडतोय सांधा? नाही ना? नखाने खरवडा."

मास्तरांनी खरवडलं. रंग निघाला आणि खालचं सिमेंट दिसलं.

बायको त्या जागेकडे बघत राहिली. "मी रोज हात फिरवत होते ह्याच्यावरून," ती हळूच म्हणाली. "मला कसं कळलं नाही?"

"तेच तर सांगतोय मी!" गवंडी म्हणाला.

मास्तरांनी पेन मिटलं आणि नियम वाचून दाखवला. पोस्टातल्या बाईंनी पुढे येऊन बायकोचा हात हातात घेतला. बायकोने तो सोडवून घेतला नाही, तेव्हा कुठे गवंड्याला प्रकरणाचं गांभीर्य लक्षात आलं.

गर्दी पांगल्यावर मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, गच्चीवरची टाकी सात वर्षं गळतेय, येत्या रविवारी जमेल का?

त्या टाकीतून आजवर थेंब गळलेला नाही. गवंडी हे भेटेल त्याला सांगतो. घरात तेवढं सांगत नाही.