उरलेला सूर

अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या शाळेने आठवीच्या मुलांना बार्बरशॉप पद्धतीचं गाणं शिकवायचं ठरवलं, तेव्हा पालक संघाचा सचिव या नात्याने मी या उपक्रमाचं स्वागतच केलं. या पद्धतीत वाद्य नसतं. चार जण चार वेगळे सूर एकदम गातात. मुख्य चाल गातो तो लीड. त्याच्या वर टेनर, तळाला बेस, आणि या तिघांचं घेऊन झाल्यावर जो सूर शिल्लक राहतो तो बॅरिटोन. माझ्या मुलीला, शुभ्राला, बॅरिटोन देण्यात आला.

याचा उलगडा घरी झाला. शुभ्रा खोलीत सराव करत होती आणि चाल अशी, की पत्ता चुकलेला डिलिव्हरीवाला दारोदार बेल दाबत फिरतोय. माझी पत्नी सुहासिनी लग्नाआधी गाण्याच्या दोन परीक्षा पास झालेली. तिने तडक पेटी काढली.

"बेसूर होतंय गं. अशी गा," म्हणत तिने मूळ चाल वाजवली.

"आई, दॅट्स द लीड. आय ॲम बॅरिटोन. अँड आय लव्ह इट!"

"लव्ह नंतर. आधी सुरात ये."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. संगीताच्या जहांआरा मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, त्यामुळे मराठीतूनच जाब विचारता आला.

"मॅडम, आमच्या मुलीत काही कमी आहे का?"

"कमी? सुजीतसर, तिचा कान वर्गात सगळ्यात तयार आहे. म्हणून तर बॅरिटोन दिला. ऐका तुम्ही."

त्यांनी चौघांना उभं केलं. लीडला अलिशा, टेनरला अथर्व, बेसला उमर, आणि आमची शुभ्रा. मुलं गायला लागली आणि चार आवाजांच्या वर एक पाचवाच सूर घुमला. तो कोणीच गात नव्हतं. मॅडम म्हणाल्या, चौघं आपापल्या जागी नेमके राहिले की तो आपोआप येतो. शुभ्राचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. मी एसी कमी करायला सांगितला आणि मूळ मुद्द्यावर आलो.

"ते ठीक आहे हो. पण सर्टिफिकेटवर काय लिहिणार?"

मी एका कंपनीत एचआर सांभाळतो. प्राचार्यांना मेल लिहिला, विषय 'विद्यार्थिनीचा ग्रोथ पाथ', आणि तो पालकांच्या ग्रुपवरही टाकला. लगेच अलीमियाँचा फोन. हे उमरचे वडील, मुसफ्फ्यात गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान.

"सुजीतभाई, बरोबर बोललात. आमचा उमर सगळ्यात खाली कशाला? हम किसी से नीचे हैं क्या?"

अथर्वच्या आई मुग्धाताईंना कळलं, की टेनरने हळू गायचं असतं. "म्हणजे माझ्या मुलाचा आवाज ऑफिशियली दाबतायत!" असा त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

प्राचार्यांनी समिती नेमली. समितीने ठराव केला, की यापुढे अथर्व असोसिएट लीड, शुभ्रा डेप्युटी लीड आणि उमर लीड–फाउंडेशन. यावर अलिशाच्या आई साजिदा यांनी विचारलं, सगळेच लीड तर आमच्या मुलीचं काय? तिला चीफ लीड करण्यात आलं. पण पदनाम बदललं तरी काम तेच, हे आम्हा नोकरदारांच्या लगेच लक्षात आलं. घरी शुभ्राचं ते बेल वाजवणं चालूच होतं. मग दुसरा ठराव झाला: समान चाल धोरण. प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्ण चाल मिळेल, उरलेली कोणालाही दिली जाणार नाही.

"मग हार्मनी कुठून आणू?" जहांआरा मॅडमनी विचारलं.

"येईल की, इन्शाल्ला," प्राचार्य म्हणाले. "खलास, मंजूर."

स्नेहसंमेलनात चौघं एकच चाल एका दमात गायले. पाहुण्यांनी मुलांच्या एकजुटीचं कौतुक केलं. प्रत्येक पालकाने आपापलं मूल झूम करून शूट केलं, त्यामुळे चौघं एकत्र असलेला व्हिडिओ कोणाकडेच नाही. पाचवा सूर आला नाही, पण तो कार्यक्रमपत्रिकेतही नव्हता.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बघ, आता कशी मस्त ऐकू येतेस!"

"यू कान्ट हिअर मी, बाबा," शुभ्रा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "वी ऑल साउंड द सेम."

त्यानंतर ती घरी गायलीच नाही. खोलीचं दार लावलेलं असतं. सुहासिनी म्हणते, वयच तसं आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू; पण गणिताला वेळ मिळतो.

या टर्मला जहांआरा मॅडमनी पुन्हा चार सुरांचा वर्ग मागितला आणि पालकांची संमती असेल तर, या अटीवर तो मिळालाही. लीडसाठी रांग लागली आहे. टेनर आणि बेसला पदनामांवर राजी केलं आहे. जागा एकच रिकामी आहे, आणि ती भरणं सचिव म्हणून माझ्याकडे आहे. शुभ्राला विचारलं, तर तिने नकारार्थी मान हलवली.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, म्हणजे तुम्हाला बॅरिटोनचं मोल पुरतं कळलेलं दिसतं. उत्तम. तुमच्या मुलाचं नाव घालतो.

काय म्हणालात? लीडमध्ये काही होईल का?