वाफ्यातली ओल

सकाळी साडेसहाला हिरव्या रसाचा पेला टेबलावर ठेवून वहिनी स्वयंपाकघरात वळल्या, की कानसाहेब तो पेला खिडकीतून खाली ओतायचे. मागोमाग तांब्याभर पाणी, म्हणजे मातीवर हिरवा डाग नको. मग पेल्याच्या तळाचे दोन थेंब जिभेवर घेऊन दहा मिनिटं तोंड वाकडं करून बसायचे. तेवढं तोंड मात्र अगदी खरं असायचं.

कानसाहेब पाणीपुरवठा कार्यालयात गळती शोधायचे. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवून दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते हातभर अंतरात सांगायचं, ही त्यांची ख्याती. नाव त्यावरूनच पडलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या एकाही तक्रारीपुढे 'कारण अज्ञात' असा शेरा पडला नव्हता. हे लोक सांगत, आणि लोक विसरले तर ते स्वतः सांगत. त्यांच्या पत्नीला सगळं ऑफिस वहिनी म्हणायचं, म्हणून आपणही तेच म्हणू.

रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पालेभाज्यांचा कडू रस सांगितला. वहिनी पहाटे उठून एकेक पान निवडायच्या. एवढ्या मायेने केलेल्या वस्तूला नको म्हणायची कानसाहेबांची छाती नव्हती आणि प्यायची तर त्याहून नव्हती.

तीन महिने सुरळीत गेले. मग वहिनींनी खिडकीखालच्या रिकाम्या पट्ट्यात फुलझाडं लावायचं मनावर घेतलं आणि नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने उकिडवं बसून बोट मातीत खुपसलं.

"ताई, ही ओली कशी? पाऊस पडून दीड महिना झाला."

"यांना विचारा," वहिनी म्हणाल्या. "साऱ्या शहराची गळती हे शोधतात."

कानसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सळई आणून त्यांनी चार ठिकाणी कान लावला आणि विचारात पडल्यासारखं केलं. "गळती नाही. जमिनीची नैसर्गिक ओल आहे."

"चार फूट रुंद आणि बरोबर खिडकीखाली?"

"निसर्गाचं काही सांगता येत नाही."

"मला गुलाब लावायचेत. ओल बंद झाली पाहिजे."

"लावू नका," नर्सरीवाला म्हणाला. "गुलाबाचे पाय बुडाले की तो मेला. त्यात इथे भिंतीची सावली. सकाळी दोन तास काय ते ऊन."

"ऐकलंस?" कानसाहेब घाईने म्हणाले. "ओलीत जगणारी झाडं लावू. ओलीला कशाला त्रास द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात वहिनींचा फोन आला. "तक्रार नोंदवलीय हं मी."

"कुठे?"

"तुमच्याच ऑफिसात. दुसरीकडे कोण नोंदवून घेणार?"

तक्रार खुद्द कानसाहेबांच्या घरची म्हटल्यावर मोठे साहेब जातीने आले. बरोबर कुदळ-फावडी घेतलेली दोन माणसं आणि बगलेत नोंदवही. ओल पाहायला नर्सरीवालाही हजर होता, कारण झाडं ठरायची होती.

"तुम्हीच जागा दाखवा," साहेब कौतुकाने म्हणाले. "तुम्ही असताना आम्ही काय बोलायचं."

बावीस वर्षं खरं बोललेली ती सळई कानसाहेबांनी कुठेतरी टेकवली. माणसांनी खणायला सुरुवात केली. तीन फुटांवर पाइप लागला, तो कोरडा ठणठणीत. साहेबांनी खड्ड्यात वाकून तो हाताने चाचपला आणि हाताकडे पाहिलं.

"थोडं डावीकडे असेल," कानसाहेब म्हणाले.

डावीकडे खणलं, उजवीकडे खणलं. गंमत अशी की ओल वरच्या वीतभर मातीतच होती, खाली माती भुसभुशीत कोरडी. नर्सरीवाल्याने वरचं ढेकूळ उचलून नाकाशी नेलं.

"साहेब, हिला भाजीचा वास येतोय."

"खत असेल एखादं," वहिनी शांतपणे म्हणाल्या, आणि कानसाहेबांना बायको इतकी प्रिय लग्नातही वाटली नव्हती.

साहेबांनी वही उघडली आणि पेन हातात धरलं. "काय लिहू हो? मला बरं नाही वाटत लिहायला."

एक वाक्य पुरलं असतं. मी रोज रस ओततो, एवढं म्हटलं की बावीस वर्षं वाचत होती. कानसाहेबांनी तोंड उघडलं, वहिनींकडे पाहिलं, आणि मिटलं. साहेबांनी 'कारण अज्ञात' लिहून खाली सही केली. माणसांनी खड्डा बुजवला. जाताना त्यांच्यातल्या एकाने कानसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोच त्यांना सर्वांत जास्त लागला.

"निदान माती छान उकरली गेली," नर्सरीवाला म्हणाला. "आता असं करू. दरवर्षी नवी आणावी लागणार नाहीत अशीच लावू. भिंतीला चिकटून नेचे, त्यांना ऊन नकोच असतं. मधे शोभेचं अळू. कडेला जिथे ऊन पोचतं तिथे स्पायडर लिली. पण सगळी तहानलेली मंडळी आहेत. ओल कायम राहील ना?"

"राहील," कानसाहेब म्हणाले. "माझी गॅरंटी."

गॅरंटी त्यांनी मनापासून पाळली. पेल्यामागून दोन-दोन तांबे जाऊ लागले. नेच्यांना नवे कोंब फुटले, अळूची पानं ताटाएवढी झाली, लिली फुलली. येणारे-जाणारे थांबून बघत. वहिनी खुश होत्या. ऑफिसात मात्र कानसाहेबांसमोर गळतीचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणायचे.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. साखर एकदम आटोक्यात. कानसाहेब रिपोर्टकडे बघतच राहिले. डॉक्टर म्हणाले, "रसाने कमाल केली. आता बंद केलात तरी चालेल."

रस बंद झाला. आता तांब्या खिडकीशी न्यायला निमित्त उरलं नाही, आणि झाडांना पाणी घालू म्हटलं तर वहिनी म्हणायच्या, "नैसर्गिक ओल आहे ना? मुळं कुजतील." आठवड्यात नेचे तांबूस पडले. अळूने मान टाकली.

"अगं," कानसाहेब एका सकाळी म्हणाले, "तो रस पुन्हा सुरू कर."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"सवय झालीय गं. सकाळी चुकल्यासारखं होतं."

वहिनींनी पेला आणला, आणि स्वयंपाकघरात वळायच्या ऐवजी हनुवटी तळहातावर टेकून समोर बसल्या. "प्या."

ते प्यायले. दुसऱ्या दिवशीही वहिनी समोर बसल्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी कानसाहेबांनी पेला खाली ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, अर्धं रसाचं.

"मी हा आधी कधी प्यायलोच नाही. खिडकीतून ओतत होतो."

"माहितेय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. बाहेर भिंतीवर हिरवा ओघळ आहे लांबच्या लांब. तुम्ही जमिनीला कान लावता, भिंतीकडे बघत नाही."

"मग पेला का भरत होतीस?"

"पेल्यात मिक्सर विसळलेलं पाणी असायचं. रस रात्रीच्या सूपात घालायचे. तुम्ही दोनदा मागून घ्यायचात."

कानसाहेब दुखावून म्हणाले, "आणि ती तक्रार? माझी बावीस वर्षं गेली त्यात."

"मला वाटलं, आता तरी बोलाल. मी थांबले होते हो, साहेब सही करेपर्यंत." वहिनींचा आवाज जरा हलला. "नाव गेलं तरी चालेल, पण बायकोला खरं सांगायला नको. इतकी का मी वाईट आहे?"

"तू नाही. पहाटे उठून पानं निवडायचीस ना. ते बघवत नव्हतं."

वहिनींनी उठून झारी भरून आणली आणि त्यांच्या हातात दिली.

"घ्या. गॅरंटी तुमची होती. आणि आता जरा दारातून जा."