सोज्वळ विभागातलं चालतं-बोलतं पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयात सोज्वळ कथा विभाग आहे आणि त्या विभागावर डोळा ठेवायला सोज्वळता तपासणी उपसमिती आहे. मी तिचा सचिव. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही घडलं ते सगळं नियमाला धरून घडलं, आणि नियम मला तोंडपाठ आहेत.

सोज्वळ कथा म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. मोठ्या शहरात मन मोडलेली एक मुलगी लहानशा गावात येते. तिथे तिला आत्याची बेकरी वारशात मिळते. गावात एक सुतार असतो. तो कमी बोलतो, त्याचा कुत्रा जास्त बोलतो. या दोघांचं जुळावं म्हणून सगळं गाव कामधंदे सोडून त्यांच्या मागे लागतं. मग एक गैरसमज होतो, तो मिटतो, आणि शेवटच्या पानावर लग्न. संपूर्ण पुस्तकात खोलीचं दार एकदाही बंद होत नाही. एखाद्या लेखकाने बेसावधपणे बंद केलंच, तर उपसमिती समासात शेरा मारते : 'दार उघडे आहे असे समजावे.'

या पुस्तकांनी गावाला अक्षरशः वेड लावलंय. आमची ही पुस्तक हातात घेते तेव्हा गॅसवर दूध ठेवत नाही, इतकी ती आता शहाणी झाली आहे. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला कादंबरीतल्या बेकरीवालीच्या मांजराचं नाव ठाऊक असतं. आमच्या समोरच्या दारामागे कोण राहतं, ते मात्र मला नक्की सांगता येणार नाही. कुणीतरी राहतं खरं, कारण सकाळी दाराशी पेपर पडलेला असतो आणि दुपारपर्यंत तो आत गेलेला असतो.

असं सगळं सुरळीत चालू असताना एका बैठकीत दातांच्या डॉक्टरांनी घसा खाकरला. डॉक्टर उपसमितीचे सदस्य आहेत. माणसाला तोंड उघडायला लावायची त्यांना सवय आहे, स्वतःचं मात्र ते विचार करून उघडतात.

"आपल्या ग्रंथपालबाईंचं जमलंय," ते म्हणाले.

"कुणाशी?" अध्यक्षबाईंनी विचारलं. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी साधं 'कुणाशी' विचारलं तरी आपणच काहीतरी केलंय असं वाटतं.

"लिफ्टवाल्याशी. दोघं जिन्यात बसून एका डब्यातलं खात होते."

"जिन्यात? का?"

"लिफ्ट बंद होती."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वाचनालयाची लिफ्ट पूर्वी अधूनमधून बिघडायची. हा नवा लिफ्टवाला दुरुस्तीला यायला लागल्यापासून ती अधूनमधून चालायची.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. परवाच याच बाई एका कादंबरीतली पोक्त पोस्टमास्तरीण घड्याळजीला 'हो' म्हणते ते पान वाचून माझ्या खांद्यावर रडल्या होत्या. आता म्हणाल्या, "या वयात! आणि तेही आपल्या विभागात! लोक काय म्हणतील?"

"बाईंना काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. दुखलं की उपटायचं, हा त्यांचा धंदाच आहे.

इथे मला सचिव म्हणून हस्तक्षेप करावा लागला. "उपसमितीला माणसांवर चर्चा करायचा अधिकार नाही," मी म्हणालो. "फक्त पुस्तकांवर आहे."

सगळे हिरमुसले. एवढा चविष्ट विषय आणि चर्चा करायची सोय नाही! मला त्यांची दया आली. "अर्थात," मी म्हणालो, "हे प्रकरण पुस्तक म्हणून दाखल करून घेता येईल."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

ग्रंथपालबाईंना आत बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी आता पुस्तक?"

"अर्धं," मी खुलासा केला. "उरलेलं अर्धं लिफ्टमध्ये आहे."

"आणि तुम्ही नापास केलंत तर?"

"नापास पुस्तकाला विभागात जागा नाही. मग तुमची नोकरीही कठीण आहे. पास झालं तर मात्र कुणाची बोलायची टाप नाही."

बाईंनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "करा बापडे पुस्तक. माझी नोकरी राहू दे आणि आमचं लग्न होऊ दे. बाकी मला काही नको." हे म्हणताना त्यांचा आवाज किंचित हलला. पुस्तकात असता तर मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली असती.

तपासणी सुरू झाली. पहिला आक्षेप नायिकेवर. ती शहरातून आलेली नव्हती, इथलीच होती. शिवाय तिचं मन मोडलेलं नव्हतं.

"कधीच नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"एकदा पाय मोडला होता."

"चालेल," डॉक्टर म्हणाले.

दुसरा आक्षेप नायक सुतार नाही हा. पण जुन्या लिफ्टला लाकडी दार असतं, आणि ते घासून बसवताना डॉक्टरांनी त्याला पाहिलं होतं. नायकाकडे कुत्रा नव्हता. अध्यक्षबाईंनी उदार मनाने स्वतःचा कुत्रा दिला. त्याने पहिल्याच दिवशी नायकाची पँट गुडघ्यापर्यंत फाडली. हा भाग 'विनोदी प्रसंग' या सदरात मान्य करण्यात आला.

गाडी अडली ती गैरसमजावर.

"तुमच्यात गैरसमज झाला का कधी?" मी लिफ्टवाल्याला विचारलं. चांगला माणूस. हाताला ग्रीस लागलंय म्हणून तो खुर्चीवर बसायलासुद्धा तयार नव्हता.

"झाला की. मला वाटलं मोटर जळाली. नुसता फ्यूज गेला होता."

"तो लिफ्टबद्दल झाला. आम्हाला एकमेकांबद्दल हवा."

"एकमेकांबद्दल कसा होईल साहेब? आम्ही एकमेकांना विचारतो ना."

अध्यक्षबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. नायक-नायिका एकमेकांना सरळ विचारायला लागले तर आमचा अख्खा विभाग पातळ चोपड्यांचा होईल. शेवटी उपसमितीने स्वतः गैरसमजाची व्यवस्था केली. लिफ्टवाल्याच्या बहिणीला तिच्या गावाहून बोलावून घेतलं, दोघांना बागेत बाकावर बसवलं आणि ग्रंथपालबाईंना झाडामागे उभं केलं. बाईंनी तिथूनच ओरडून विचारलं, "अगं ताई, कधी आलीस? जेवलीस का?" गैरसमज फारच थोडा वेळ टिकला, पण झाला असं मी नोंदवून टाकलं.

प्रकरण पास झालं. 'सोज्वळ' हा शिक्का कुठे मारायचा यावर बराच खल होऊन अखेर तो तिच्या पर्सवर आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीवर मारण्यात आला. नव्या पुस्तकाला कव्हर घालायची पद्धत आहे, म्हणून लिफ्टवाल्याला नवा शर्ट घेतला. दोघांचा जीव भांड्यात पडला. आता लग्न करायला मोकळे, असं त्यांना वाटलं. त्यांना देवघेवीचा नियम माहीत नव्हता. म्हणजे ग्रंथपालबाईंना माहीत होता, पण तो आपल्याला लागू होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. विभागात दाखल झालेलं पुस्तक सभासदाने मागितलं तर नाही म्हणता येत नाही.

पहिला नंबर आमच्या हिने लावला.

संध्याकाळी दोघं आमच्या घरी आले. हिने त्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, समोर पाट मांडावा तशी खुर्ची मांडली आणि म्हणाली, "हं, चालू द्या."

"काय?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"जे काही असेल ते. अहो, तो मोठा दिवा लावा जरा."

दोघं बिचारे अवघडून बसले. थोड्या वेळाने त्याने तिला पाण्याचा ग्लास दिला आणि तिने 'तुम्ही घ्या आधी' म्हटलं. हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "पाहिलंत?" मला म्हणाली, "शिका काहीतरी!" मी उठून स्वतःचं पाणी स्वतः घेतलं.

बातमी वणव्यासारखी पसरली. सभासदांची झुंबड उडाली. आज या घरी, उद्या त्या घरी. बाई दिवसा पुस्तकं द्यायच्या आणि संध्याकाळी स्वतः जायच्या. एका आजोबांनी झोप आली म्हणून दोघांना मधेच घरी पाठवलं आणि कुठपर्यंत आलो ते लक्षात राहावं म्हणून बाईंच्या केसांत बसचं तिकीट खोचून ठेवलं. एका घरी त्यांना पुन्हा पहिल्यापासून भेटायला लावलं. एका काकूंना धीर धरवेना. दारातच त्यांनी विचारलं, "शेवट गोड आहे ना? नाहीतर मी नेत नाही."

शेवटाचीच तर पंचाईत होती. दोघं लग्नाची तारीख विचारायला आले, तर अध्यक्षबाई दचकल्या.

"लग्न? एवढ्यात? अहो, ते शेवटचं पान! ते झालं की पुस्तक संपलं. बाहेर एवढे लोक ताटकळलेत, त्यांचा काही विचार?"

"त्यांचं वाचून कधी होणार?"

"वाचून झालेलेच पुन्हा नंबर लावतायत. इतकं छान आहात तुम्ही!"

आणि तेव्हा ग्रंथपालबाई भडकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "मला लोकांच्या सोफ्यावर बसून लाजायचं नाहीये!" त्या म्हणाल्या. "कंटाळा आला मला लाजून! मला माझ्या घरात बसून या माणसावर ओरडायचंय, हा ओला टॉवेल गादीवर टाकतो म्हणून!"

"मी कधी टाकला?" लिफ्टवाला म्हणाला.

"टाकणार तुम्ही! मला माहितीये ना!"

"हे आपल्या पुस्तकात बसत नाही," अध्यक्षबाई थंडपणे म्हणाल्या.

"बसत नाही?" ग्रंथपालबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं, त्याने त्यांच्याकडे. दोघं गालातल्या गालात हसले आणि निमूट निघून गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे होते. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी नळाच्या वॉशरचा विषय काढला. वॉशर बदलायचा की अख्खा नळ? मग पडदे, मग पडद्यांची मापं घेताना टेप कुणी हरवली, मग तिची मावशी किती दिवस राहणार, मग पुन्हा वॉशर. डॉक्टर मधे एकदा आशेने म्हणाले, "एकमेकांच्या डोळ्यांत बघा की जरा." लिफ्टवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "तुझा डोळा लाल झालाय. थेंब संपले का घरातले?"

तिथून पुढे प्रत्येक घरी हेच. तक्रारींचा पाऊस पडला. कथानक पुढे सरकत नाही. संवाद नीरस. नायक जेवल्यावर पेंगतो. आमच्या हिने पुन्हा मोठ्या हौसेने त्यांना आणलं होतं, ते जेवायच्या आतच परत पोचवून आली.

"हे काय पुस्तक झालं?" ती वैतागून म्हणाली. "हे तर आपणच की!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग! यासाठी नंबर कशाला लावायचा?"

हळूहळू गर्दी ओसरली आणि एक दिवस त्यांना कुणीच मागितलं नाही. पुढेही मागेनात. मागणी नसलेलं पुस्तक बाद करावं असा नियम आहे, आणि बाद करण्याचा प्रस्ताव ग्रंथपालाने मांडायचा असतो. बाईंनी तो इतक्या सुवाच्य अक्षरांत मांडला की मला हरकत घ्यायला जागाच राहिली नाही. वाचलं जात नाही म्हणून बाद झालेल्या पुस्तकाची सोज्वळता शाबूत राहते, त्यामुळे नोकरीलाही धक्का नव्हता. बाद झाल्यावर इतकं खूश झालेलं पुस्तक मी तरी पाहिलेलं नाही. लिफ्टवाल्याने त्या आनंदात लिफ्ट खरोखरच दुरुस्त केली.

त्यांनी लगेच विवाह नोंदणीचा दिवस धरला. कार्यालय वाचनालयाच्या समोरच आहे, रस्ता ओलांडला की झालं. नेमकं त्याच दिवशी नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. काय पुस्तकं होती! एकात तर बेकरीवालीच्या लग्नाला सगळं गाव दुकानं बंद करून जातं, आजारी माणसंसुद्धा पलंगावरून उठून जातात. वाचनकक्ष खचाखच भरला होता. सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज येत होते.

तेवढ्यात दारात ग्रंथपालबाई. साधी नवी साडी, कपाळावर घाम.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "एक साक्षीदार कमी पडतोय. यांची बहीण आलीय, मावशी आलीय, तिसरं कुणीतरी हवं. नुसती सही करायची. येता का कुणी? ते लोक कार्यालय बंद करायला निघालेत."

"श्श!" अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. "थांबा हो जरा. इथे अख्खं गाव लग्नाला निघालंय."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पान उलटलं. आमच्या हिने मान वर न करता हातानेच 'नंतर' अशी खूण केली. मी गेलो असतो, खरंच गेलो असतो, पण माझी बेकरीवाली नुकतीच घरातून निघाली होती, आणि सचिवाने पुस्तक अर्ध्यात सोडू नये असा संकेत आहे.

मग बाईंनी शेवटचा उपाय म्हणून तुमच्याकडे पाहिलं. हो, तुमच्याकडेच. एवढ्या लोकांत तुम्हीच जरा कनवाळू दिसलात, त्यांच्या बाजूचे वाटलात. "तुम्ही तरी येता का?" त्यांनी विचारलं. आणि तुम्ही, नजर ओळीवरून न हलवता, एक बोट वर केलंत : एक मिनिट, एवढी गोष्ट संपू दे.

संपली. उठताय ना?