डाव्या दिव्याबाबत समितीचा निर्णय

जी वस्तू गॅरेजमध्ये नेली तर चहा निवायच्या आत दुरुस्त होते, ती घरी दुरुस्त करण्यातच माणसाच्या बुद्धीचा खरा कस लागतो. गॅरेजमध्ये काय, कोणीही जाईल. गाडी आत जाते, दिवा लागतो, गाडी बाहेर येते. सगळ्या प्रकारात विचारविनिमयाला तसूभर वाव नाही. उलट घरी हेडलाइटचा एक साधा बल्ब बदलायला घ्या, म्हणजे आपल्या इमारतीत किती विद्वान राहतात ते आपोआप कळतं. (एरवी ही मंडळी लिफ्ट बंद पडली तरी दार उघडून बाहेर बघत नाहीत.)

प्रस्तुत प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. माझी भावजय नर्स आहे. त्या रविवारी सकाळी रात्रपाळी उरकून ती घरी आली आणि माझ्या धाकट्या भावाला म्हणाली, "गाडीचा डावा हेडलाइट गेलाय. बल्ब मी आणलाय, तेवढा बसवून ठेव. संध्याकाळी आईला आणायला जायचंय, परत येताना अंधार पडेल." एवढं बोलून ती झोपायला गेली. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांचा दवाखाना पार गावाबाहेर. म्हातारी भित्री. 'दुसऱ्या कोणाला धाडू नकोस, गाडी घेऊन तूच ये गं,' असं तिने लेकीकडून पुन्हा पुन्हा कबूल करून घेतलं होतं.

धाकटा म्हणाला, "हात्तिच्या! चुटकीसरशी बसवतो." थोरला भाऊ या नात्याने मी खाली पार्किंगमध्ये गेलो. बॉनेट उघडलेलं दिसताच मोजणी खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका आले. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले आले. अशा रीतीने समिती रीतसर अस्तित्वात आली. अध्यक्षपद माझ्याकडे आलं, कारण मी खुर्ची घेऊन खाली उतरलो होतो.

पहिला ठराव सुरक्षिततेचा. विजेचं काम म्हणजे आधी वीज तोडली पाहिजे, असं विमावाल्यांनी ठासून सांगितलं. म्हणून बॅटरीची वायर सोडवण्यात आली. दिवा लावून बघता येईल ही शक्यता त्यामुळे निकालात निघाली आणि चर्चेला मोकळं मैदान मिळालं.

चर्चेचा विषय होता, कोणता दिवा गेला आहे. भावजय 'डावा' म्हणाली होती, हे धाकट्याने नमूद केलं. त्यावर विमावाले हसले. बायका घाईत डावं-उजवं हमखास उलट सांगतात, शंभरातल्या नव्वद तरी, असं त्यांनी अनुभवाने सांगितलं. (हा अनुभव त्यांच्या पत्नीवरून घेतला होता. त्या स्वतः उरलेल्या दहांत मोडतात असं त्यांचं म्हणणं आहे, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.) तेव्हा डावा म्हणजे उजवा.

काकांना हे मान्य नव्हतं. उभी हयात त्यांनी जमिनी मोजल्या. ते म्हणाले, "आधी सांगा, ती कुठे उभी राहून म्हणाली? गाडीत बसून डावा वेगळा आणि गाडीसमोर उभं राहून डावा वेगळा. जागा ठरल्याशिवाय दिशा ठरत नाही." त्यांनी खडूने जमिनीवर रेघ मारली, रेघेवर एकदा या तोंडाने आणि एकदा त्या तोंडाने उभे राहिले, आणि निष्कर्ष काढला की उजवा म्हणजे डावा.

म्हणजे दोनदा उलटून गाडी पुन्हा मूळ पदावर आली. इथे अध्यक्ष म्हणून मला हस्तक्षेप करावा लागला. भावजय जे म्हणाली तेच जर समितीही म्हणणार असेल, तर समिती नेमली कशाला? चार शहाण्या माणसांनी दुपार खर्ची घालून एका झोपाळलेल्या बाईचीच री ओढायची? हा मुद्दा सगळ्यांना पटला. उजवा दिवा बदलावा, असं एकमताने ठरलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "अहो, तिलाच उठवून विचारा ना!"

काकांनी वर बघत ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल! बिचारी रात्रभर जागलीये."

परक्याच्या बायकोच्या झोपेची इतकी काळजी करणारी माणसं आज दुर्मिळ झाली आहेत. आम्ही हातोडीसुद्धा फडक्यात गुंडाळून वापरली. (हातोडी कशाला, असं कोणी विचारील. तेव्हा कोणी विचारलं नाही.)

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण अशी की बल्बपर्यंत हात पोचत नव्हता. धाकट्याचा मनगटापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. साबण लावून तो सोडवावा लागला. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक माणूस शीळ घालत हेच काम करत होता, पण त्याची गाडी निळी होती. शेवटी गाडीतून बल्ब काढणं अवघड जातं म्हणून बल्बभोवतीची गाडी काढावी असं ठरलं. आधी हवेच्या फिल्टरचा डबा निघाला, मग काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीचं नरसाळं, मग बंपर. सगळं जुन्या चादरीवर ओळीने मांडलं. येणारे-जाणारे थांबून "विकायचंय का?" विचारू लागले.

अखेर उजवा बल्ब बाहेर आला. काच लखलखीत, आतली तार शाबूत. क्षणभर समितीच्या मनात पाल चुकचुकली. पण काका म्हणाले, "वरून धडधाकट दिसणारी माणसंसुद्धा बसल्या बसल्या जातात." प्रत्येकाने बल्ब कानाशी हलवून बघितला. आवाज आला नाही, त्यावरून तो गेल्याचं सिद्ध झालं. विमावाल्यांच्या पाळीला तो हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. तेव्हा मात्र आवाज आला. "हे विम्यात बसत नाही," असं त्यांनी लगेच स्पष्ट केलं.

नवा बल्ब बसवताना त्याला धरून ठेवणारी तारेची क्लिप उडाली आणि इंजिनात कुठेतरी कायमची स्थायिक झाली. तिच्या जागी चिकटपट्टी वापरली. गाडी परत जोडल्यावर वाटीत मूठभर स्क्रू शिल्लक राहिले. कंपन्या किती उधळपट्टी करतात, हे यावरून लक्षात येतं.

एवढ्यात भावजय तयार होऊन, हातात आईची शाल घेऊन खाली आली. बॅटरी जोडली. तिने आत बसून दिवे लावले. उजव्या दिव्याचा झोत थेट दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या काकांच्या लेंग्यावर पडला. डावा ठार काळोखात होता.

ती बाहेर आली. गाडीसमोर उभी राहिली. "मी डावा म्हणाले होते ना?"

काकांनी पायाने हळूच खडूची रेघ पुसली.

"चांगला होता तो कुठाय? निदान तो तरी लावा डाव्याला."

धाकट्याने फरशीवरच्या काचांकडे बघितलं. तिनेही बघितलं. तिचे डोळे भरून आले, रागाने की कशाने ते ठरवायला समितीकडे वेळ नव्हता. "एकदा हाक मारायची होतीत, भाऊजी," ती मला म्हणाली. "एकदा. मी झोपले होते, मेले नव्हते." आणि शाल खांद्यावर टाकून ती रस्त्यावर टॅक्सी बघायला गेली. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण अध्यक्षाने भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही, म्हणून मी खुर्ची उचलून वर नेली.

रविवार, त्यात ऐन संध्याकाळ. टॅक्सी लवकर मिळाली नाही. इकडे म्हातारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसून होती. बाकीचे पेशंट एकेक करून गेले. पहारेकऱ्याने आतले दिवे मालवले. आपली लेक आता येत नाही अशी तिची खात्री झाली आणि ती त्या ऑपरेशनच्या डोळ्याने, जो ओला करू नका म्हणून बजावलं होतं, त्यानेच रडली. लेक पोचल्यावर डॉक्टरांना बोलावून डोळा पुन्हा तपासून औषध घालावं लागलं. घरी आली तेव्हा लेकीचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

आम्ही समितीतर्फे भेटायला गेलो. म्हातारीच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि त्याच्या वर कपाळावर शाईची फुली. ही फुली कसली, असं काकांनी विचारलं.

"ऑपरेशनच्या आधी नर्सने विचारलं, आजी, कोणता डोळा? मग दुसरीने विचारलं. मग डॉक्टरांनीही विचारलं. मी सांगितलं त्याच्यावर फुली मारली, मग हात लावला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिना उतरताना विमावाले हळहळले, "बघा! एवढी मोठमोठी यंत्रं आणि शेवटी विचारायचं कोणाला, तर पेशंटला!" वैद्यकीय क्षेत्राला लागलेली ही उतरती कळा बघून समितीने तीव्र चिंता व्यक्त केली.

आता तुम्ही हसत असाल. साधं त्या बाईला उठवून विचारायचं, एवढंही सुचू नये या शहाण्यांना? प्रश्न रास्त आहे. फक्त मागे तुमच्या घरात कोणीतरी 'नळ गळतोय' म्हणालं होतं, ते आठवून बघा. तुम्ही 'बरं' म्हणालात? की 'थांब, मी बघतो' म्हणत उठलात, नळ ताकदीने पिळलात, आणि 'नीट बंदच करत नाही तुम्ही लोक' असं सुनावून परत येऊन बसलात? समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची तसदी घेऊ नका. तुमचं नाव तुमच्या घरच्यांनी केव्हाच सुचवलंय.