तीन गुलाबराव बेपत्ता

बातमीतली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. दैनिकात इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप सुधारणेला जातो. आता मोताळ्यात आमचं बातम्यांचं संकेतस्थळ आहे. बातमी टाकली की वाचकांच्या फोनवर आपोआप पोचते. ती यंत्रणा शाइस्ता सांभाळते. इतकी हुशार इंजिनिअर आमच्या वाट्याला कशी आली, याचं मला अजून नवल वाटतं.

ती सुरुवातीलाच म्हणाली होती, "सर, हरेक बातमीले कायमचा नंबर देऊ. फोन त्याच्यावरूनच ओळखते, बातमी जुनी का नवी."

"मथळा आहे ना ओळखायला."

"मानसानं शर्ट बदलला तर आधार नंबर बदलते काय, सर?"

मथळ्याला शर्ट म्हटलेलं मला रुचलं नाही. मथळाच ओळख राहिला.

रविवारी सकाळी केसरबाईंचा फोन आला. नात मयुरीचा दुपारी साखरपुडा, आणि जाकीट आणायला खामगावला गेलेले आजोबा गुलाबराव परतले नव्हते. फोन घरीच विसरलेले. आजोबा आल्याशिवाय अंगठी घालणार नाही, म्हणून मयुरी अडून बसली होती. मुलाकडचे बुलढाण्याहून निघालेही होते.

मी बातमी टाकली: 'मोताळ्याचे गुलाबराव बेपत्ता'. 'मोताळ्याचे' खटकलं. 'मोताळ्यातील' केलं. तेही कानाला बोचलं. शेवटी 'मोताळा येथील गुलाबराव बेपत्ता'. आता मथळा अंगठीतल्या खड्यासारखा बसला.

फोनांच्या लेखी मात्र त्या तीन बातम्या झाल्या, आणि तालुक्याच्या लेखी तीन गुलाबराव.

केसरबाईंना धीर देणारे फोन सुरू झाले. "तीन कुठचे बाप्पा?" त्या म्हणाल्या. "मले एकच निभत नाही."

तिकडे खामगावच्या स्टँडवर गुलाबराव गाडीत चढत होते. नाव कळताच, बातमी वाचलेल्या प्रवाशांनी त्यांना धरलं.

"मोताळ्याचे का तुम्ही?"

"हाव."

"मंग मोताळ्यातील कोन हाय?"

"मीच."

"अन् मोताळा येथील?"

"थोही मीच ना बे."

"एक मानूस तीन ठिकानी कसा हरपन? बसा इथं. बाकीचे दोघं सापडू द्या."

गुलाबरावांनी कोणाचा तरी फोन मागून मला गाठलं. "साहेब, मी एकच हाव, असं छापा लवकर. गाडी चालली माही."

शाइस्तानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला, बातमीला एक नंबर दिला, जादा दोन नोंदी काढून टाकल्या आणि त्याच बातमीत लिहिलं: 'गुलाबराव एकच आहेत. त्यांना गाडीत बसू द्या.' मला त्यात एक स्वल्पविराम हवा होता. मी हात खिशात घातला.

गुलाबराव जाकीट घालूनच पोचले. मयुरीनं अंगठी घातली. पंगत बसली, तीत मीही होतो, आणि दारात जीप थांबली. जुन्या मथळ्यांवर विसंबून निघालेल्या उत्साही वाचकांनी दोन म्हातारे खाली उतरवले. एकाला बाजारातून आणलं होतं, दुसऱ्याला त्याच्याच ओट्यावरून. दोघांचंही नाव गुलाबराव.

केसरबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसवा त्यायले. अन् वाढा तुम्हीच."

मी बुंदीचं भांडं उचललं.

"गुलाबराव, ताट पुढे करा," म्हणालो, तर तीन ताटं पुढे आली.